उपासमारीकडून उपवासाकडे

‘उपवास’ आणि ‘उपासमार’ हे शब्द शेजारी शेजारी नांदत असले, तरी त्यांच्यात मोठे अंतर आहे. पहिला माणूस स्वेच्छेने स्वीकारतो. दुसरी त्याच्यावर लादली जाते. बारामती व इंदापूर तालुक्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे हेच अंतर कापणारी वाटचाल होय.

हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि हुलगे-मटकीचे कालवण हे येथले अन्न. 1876-77च्या दुष्काळात तेही दुर्मीळ झाले. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम धान्य पुरे, असा हिशेब मांडला. दिवसभर माती उपसणाऱ्याचे त्यावर कसे भागावे? पुण्याच्या सार्वजनिक सभेने या धोरणास विरोध केला. नीरा डावा कालवा याच दुष्काळाच्या छायेत आकारास आला आणि 1885 मध्ये त्यातून पाणी वाहू लागले.

पाण्यामागून ऊस आला. 1930च्या दशकात वालचंदनगरला आणि 1950च्या दशकात माळेगावला साखर कारखाना उभा राहिला. कालव्यापासून दूर असलेली जिरायती गावे मात्र कोरडीच राहिली. 1960च्या दशकाच्या अखेरीस बारामतीच्या जिरायती भागात पाझर तलाव खोदणाऱ्या हातांना ‘कासा’ या ख्रिस्ती मदतसंस्थेकडून कामाच्या मोबदल्यात धान्य मिळू लागले. पुढे 1972च्या दुष्काळात महाराष्ट्राने मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढले. ती चव आठवणारी माणसे आजही आपल्यात आहेत.

त्यांच्याच नातवंडांना आता वजन आणि रक्तातील साखर यांची चिंता लागली आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दोन वेळाच जेवण्याचा विचार मांडला. 2004 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो गावोगावी पोहोचविला. खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवावे. प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवावे आणि रोज चालावे, असा त्यांचा साधा नियम. मात्र मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि वृद्धांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून हा प्रयोग करू नये.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे काही अगदीच नवे नाही. 1953पर्यंत ख्रिस्तप्रसाद घेणारा भाविक मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेत नसे. 1957 मध्ये ही मर्यादा तीन तासांवर आणि 1964 मध्ये एका तासावर आली. 1966 पासून सार्वत्रिक सक्तीचे उपवासदिन राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार एवढेच उरले. त्या दिवशी एकच पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडके खाणे, असा नियम आहे. नियम सैल झाले, ताटे मात्र भरत गेली. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणत आपण शेजाऱ्यांच्या साबुदाण्याच्या खिचडीला हसतो. पण शुक्रवारी मटण टाळून तळलेल्या मासळीवर ताव मारणाऱ्या आपल्याला ती म्हण लागू पडत नाही काय?

दोन उपवासांचे हेतू वेगळे आहेत. एक शरीर हलके करतो. दुसऱ्याने मन मोकळे व्हावे आणि हात सैल सुटावा. येथल्या उसाच्या फडांवर दरवर्षी परजिल्ह्यांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांच्या खोपटांत जेवणाची वेळ घड्याळावर ठरत नाही. आपण टाळलेला घास त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचला, तर आपल्या आजोबांनी सोसलेली भूक आपण विसरलो नाही, असे म्हणता येईल.