विद्यापीठाच्या दारांतील तराजू

१९३५ सालच्या वसंत ऋतूंत अमेरिकेच्या पूर्व भागांतील तीन तरुण एकाच विवंचनेंत होते. शाळेचें शेवटचें वर्ष संपत आलें होतें, आणि कोणतें महाविद्यालय आपणांस घेईल याचा अदमास प्रत्येक जण आपापल्या परीनें बांधीत होता. पहिला न्यूयॉर्कमधील फार रॉकअवे येथील सरकारी शाळेंतला. गणित आणि पदार्थविज्ञान यांत त्याची गति विलक्षण होती. दुसरा ब्रुकलिनमधला, त्याच्या वडिलांचें मिठाईचें लहानसें दुकान होतें आणि शाळा सुटल्यावर तो त्याच दुकानांत राबत असे. तिसरा एका महागड्या वसतिशाळेंतला. वर्गांतल्या ११२ विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक ६४ वा. पहिल्या दोघांनीं कोलंबियाकडे अर्ज केला, तिसऱ्यानें हार्वर्डकडे. ज्याचे गुण बेताचे होते त्याला होकार आला. ज्यांची बुद्धि असामान्य होती त्या दोघांना कोलंबिया कॉलेजानें परत लावलें. पहिल्याचें नांव रिचर्ड फाइनमन, दुसऱ्याचें आयझॅक असिमॉव्ह आणि तिसऱ्याचें जॉन केनेडी.

या निकालाकडे नुसती अन्यायाची एक कथा म्हणून पाहिलें तर त्यांतलें मर्म हातीं लागणार नाहीं. विद्यार्थी आपली आशा अजमावतो तेव्हां तो आपल्या बुद्धीचें वजन करीत असतो. परंतु दारांतला तराजू कोणाचा, त्यांतलीं वजनें कोणीं घडविलीं आणि तीं केव्हां केव्हां बदललीं, हें त्याला सहसा ठाऊक नसतें. त्या तराजूचा इतिहास सांगावा, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

हार्वर्डची स्थापना १६३६ सालची. आरंभींच्या काळांत तेथें येणाऱ्या मुलाला लॅटिन गद्य वाचून समजावें आणि ग्रीक नामांचीं व क्रियापदांचीं रूपें चालवितां यावींत, अशी अट होती. पुढें बराच काळ प्रत्येक महाविद्यालय आपापली परीक्षा घेई. त्यामुळें शाळांच्या मुख्याध्यापकांची मोठी तारांबळ उडे. वर्ग एकच, परंतु एका मुलाला एका कॉलेजासाठीं लॅटिनचें एक पुस्तक, तर शेजारच्या मुलाला दुसऱ्या कॉलेजासाठीं दुसरें पुस्तक शिकवावें लागे. मिशिगन विद्यापीठानें १८७० नंतर निराळी वाट काढली. प्राध्यापकांनीं शाळा समक्ष पाहावी, आणि ती समाधानकारक वाटली तर तिच्या दाखल्यावरच मुलांना घ्यावें, असा तेथें परिपाठ पडला. पूर्वेकडच्या जुन्या संस्थांना मात्र परीक्षा सोडवेना. अखेर कोलंबियाचे निकोलस मरे बटलर आणि हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या पुढाकारानें १९०० सालीं 'कॉलेज एन्ट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड' स्थापन झालें, आणि जून १९०१ मध्यें त्याची पहिली परीक्षा झाली. तीस अवघे ९७३ उमेदवार बसले.

त्या काळच्या विद्यार्थ्याचें गणित सोपें होतें. आपल्याकडे मुंबई विद्यापीठानें १८५९ सालीं पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली तेव्हां जो नियम होता, जवळजवळ तोच तेथेंहि होता. परीक्षा कठीण, पण उत्तीर्ण होईल त्याला दार उघडें. 'मी उत्तीर्ण होईन का?' एवढाच काय तो प्रश्न. 'मला घेतील का?' हा प्रश्न अजून जन्मास यावयाचा होता. किंबहुना एखाद्या विषयांत मुलगा कच्चा राहिला तरी तो विषय मागाहून पुरा करण्याच्या अटीवर त्याला दाखल करून घेत, कारण कॉलेजांना विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या फीची गरज होती. अर्थात् ही परीक्षाहि सर्वांना सारखी नव्हती. जेथें ग्रीक आणि लॅटिन शिकविण्याची सोय नाहीं, त्या शाळेंतल्या मुलाला परीक्षेला बसण्याची पात्रताच येत नसे. गरिबाला दारांतून कोणी हांकलीत नव्हतें. त्याला दारापर्यंत पोंचूंच दिलें जात नव्हतें.

ही स्थिति न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनीं बदलली. १८८० नंतर पूर्व युरोपांतून लाखों यहुदी कुटुंबें अमेरिकेंत आलीं. त्यांचीं मुलें सरकारी शाळांत शिकलीं, परीक्षेचे विषय त्यांनीं पक्के केले, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तीं मोठ्या संख्येनें कोलंबियाच्या दारीं येऊं लागलीं. युद्ध संपलें त्या वेळीं कोलंबिया कॉलेजांतील यहुदी विद्यार्थ्यांचें प्रमाण शेंकडा ४० च्या घरांत गेल्याचें सांगितलें जातें. हार्वर्डमध्यें १९०० सालीं तें शेंकडा ७ होतें. १९२२ सालीं तें २० च्या वर गेलें होतें. परीक्षेनें आपलें काम चोख केलें होतें. परंतु ज्यांना आंत घ्यावें अशी चालकांची इच्छा होती, त्यांच्याऐवजीं ती दुसऱ्यांनाच आंत आणूं लागली होती.

आतां काय करावें? हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनीं १९२२ सालीं यहुदी विद्यार्थ्यांच्या संख्येला उघड मर्यादा घालण्याची सूचना केली. त्यावर देशभर गदारोळ उठला आणि प्राध्यापकांच्या समितीनें १९२३ सालीं ती सूचना नाकारली. मग जें उघडपणें करतां आलें नाहीं तें आडमार्गानें झालें. अर्जाच्या छापील कागदावर नवे प्रश्न आले: वंश व वर्ण कोणता, धर्म कोणता, आईचें माहेरचें आडनांव काय, वडिलांचा जन्म कोठला, आणि जन्मापासून तुमच्या अथवा वडिलांच्या नांवांत कांहीं बदल झाला आहे काय! १९२६ सालीं पहिल्या वर्गाची संख्या १००० वर रोखण्यांत आली आणि 'चारित्र्य' या गुणाला निवडींत मोठें स्थान मिळालें. अर्जासोबत छायाचित्र मागण्यांत येऊं लागलें. डार्टमथ कॉलेजानें त्याच दशकाच्या आरंभीं माजी विद्यार्थ्यांकडून उमेदवारांच्या मुलाखती घेण्याचा प्रघात पाडला होता. हार्वर्डमधील यहुदी विद्यार्थ्यांचें प्रमाण थोडक्याच वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. शिफारसपत्र, मुलाखत, 'सर्वांगीण व्यक्तिमत्त्व', नेतृत्व, खेळांतील प्रावीण्य, माजी विद्यार्थ्याचा मुलगा असणें, हीं जीं वजनें अमेरिकेंतल्या निवडीच्या तराजूंत आज दिसतात, त्यांतलीं बरींचशीं याच काळांत पारड्यांत पडलीं. जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञानें २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हा इतिहास सविस्तर मांडला आहे. चारित्र्य ही वाईट वस्तु आहे असें कोण म्हणेल? पण जी वस्तु मोजतां येत नाहीं ती मोजण्याचा अधिकार ज्याच्या हातीं, त्याला आपल्या मनाजोगा निकाल देण्याची मुभा आपोआपच मिळते.

आतां त्या तिघां तरुणांची हकीकत नीट उलगडेल. फाइनमन यांनीं पंधरा डॉलर भरून कोलंबियाची परीक्षा दिली आणि त्यांना नकार मिळाला. यहुदी विद्यार्थ्यांची ठरीव संख्या भरली होती, असें त्याचें कारण त्यांच्या चरित्रांत दिलेलें आहे. ते मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत गेले आणि १९६५ सालीं पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. असिमॉव्ह यांना कोलंबियानें ब्रुकलिनमधील आपल्या 'सेथ लो' या दुय्यम कॉलेजाकडे धाडलें. १९२८ सालीं उघडलेल्या त्या कॉलेजांत यहुदी आणि इटालियन घरांतल्या मुलांचाच भरणा होता. तें लवकरच बंद झालें आणि असिमॉव्ह मुख्य आवारांत आले. तरी कोलंबिया कॉलेजाचे विद्यार्थी म्हणून त्यांची गणना झाली नाहीं. केनेडी यांचे वडील हार्वर्डचे पदवीधर आणि त्या वेळीं सरकारांत मोठ्या अधिकारावर होते. हार्वर्ड कां निवडलें, या प्रश्नाचें उत्तर पुत्रानें अवघ्या पांच वाक्यांत उरकलें होतें. पण म्हणून केनेडी यांना घेणें ही चूक होती, असें तरी कसें म्हणावें? १९६१ सालीं तेच राष्ट्राध्यक्ष झाले. तात्पर्य इतकेंच कीं, दारावरचा तराजू पुढचें भविष्य सांगत नव्हता. होकारांतहि नाहीं आणि नकारांतहि नाहीं.

याच कोलंबियाशीं महाराष्ट्राचा एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. १९१३ सालीं डॉ. भीमराव आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तेथें गेले. ते पदव्युत्तर विभागांत होते. त्या विभागाचें दार आणि कॉलेजाचें दार हीं दोन निराळीं दारें होतीं. जन्मभूमींत ज्यांना शाळेच्या वर्गांतहि वेगळें बसावें लागलें, त्यांना तेथें मोकळेपणानें शिकतां आलें. आणि त्याच विद्यापीठाचें कॉलेज पुढें आपल्याच शहरांतल्या मुलांचे आडनांव पाहून अर्ज बाजूला ठेवूं लागलें. दोन्ही वेळां विद्यापीठाचे अध्यक्ष बटलरच होते. संस्था एका हातानें उदार आणि दुसऱ्या हातानें कृपण असूं शकते, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच मिळेल.

तराजू पुन्हां बदलला तो एका विचित्र मार्गानें. प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनीं महायुद्धांतील सैनिकांच्या बुद्धिमापनावरून १९२३ सालीं एक ग्रंथ लिहिला आणि उत्तर युरोपीय वंश बुद्धीनें श्रेष्ठ असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच ब्रिगम यांच्या देखरेखीखालीं २३ जून १९२६ रोजीं 'स्कोलॅस्टिक अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट' ही परीक्षा प्रथम घेण्यांत आली. ८,०४० उमेदवारांनीं ती दिली. १९३० सालीं ब्रिगम यांनीं आपला वंशश्रेष्ठत्वाचा निष्कर्ष स्वतःच मागें घेतला. पण परीक्षा राहिली. १९३३ सालीं हार्वर्डचे अध्यक्ष झालेल्या जेम्स कॉनंट यांना तींत निराळाच गुण दिसला. लॅटिन न शिकलेला, दूरच्या गांवचा हुशार मुलगा हुडकून काढण्यास ती उपयोगी पडेल असें त्यांना वाटलें, आणि त्यांनीं आपल्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांसाठीं तिचा अवलंब केला. भेदाच्या विचारांतून निघालेलें हत्यार भेद मोडण्यासाठीं हातीं घेतलें गेलें. मात्र ही बुद्धि उपजत असून शिकवणीनें वाढत नाहीं, हा चालकांचा दावा ब्रुकलिनमधील स्टॅन्ले कॅप्लन या शिक्षकानें १९४६ पासून आपल्या घरच्या शिकवणीवर्गांतच खोटा पाडण्यास आरंभ केला. जेथें परीक्षा तेथें शिकवणी, हें आपल्याकडच्या पालकांस सांगावयास नको.

पुढचा इतिहास वेगानें सांगतों. १९४४ च्या कायद्यानें महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चानें शिकतां येऊं लागलें आणि बावीस लाखांवर लोक त्या आधारें कॉलेजांत गेले. प्रिन्स्टन आणि येल यांनीं १९६९ सालीं पदवीवर्गांचीं दारें मुलींना उघडलीं. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वंशानुसार जागा राखून ठेवणें अवैध ठरविलें, तरी वंश हा अनेक विचारांपैकीं एक विचार असूं शकेल असें मान्य केलें. २९ जून २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें हार्वर्डच्या खटल्यांत ती मुभाहि बहुतांशीं काढून घेतली. दरम्यान एकच अर्ज अनेक कॉलेजांकडे पाठविण्याची सोय १९७५ सालीं सुरू झाली आणि अर्जांचा पूर लोटला. १९५० च्या सुमारास हार्वर्ड निम्म्याहून अधिक अर्जदारांना घेत असे. २०२४ सालीं शंभरांत चारांहूनहि कमी जणांना घेतलें. जागा फारशा वाढल्या नाहींत; दारांतली गर्दी मात्र अनेक पटींनीं वाढली.

आणि वडिलांचें वजन? तें नाहींसें झालेलें नाहीं. राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, परीक्षेंत सारखेच गुण मिळविणाऱ्या मुलांत अतिश्रीमंत घरच्या मुलाला या निवडक बारा विद्यापीठांत जागा मिळण्याचा संभव मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक असतो. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारी सवलत हें त्याचें एक मोठें कारण होय.

मग आपली आशा अजमावणाऱ्या विद्यार्थ्यानें यांतून काय घ्यावें? अभ्यास सोडावा असें नव्हे. पारड्यांत जें आपल्या हातचें आहे तें त्यानें पुरेपूर घालावें. परंतु निकाल हाती येईल तेव्हां तो कशाचा निकाल आहे हें त्यानें ओळखावें. नकाराच्या पत्रांत जागा किती, गर्दी किती आणि त्या वर्षीं संस्थेला कोण हवें होतें, एवढेंच लिहिलेलें असतें. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनीं २००२ सालीं दाखवून दिलें कीं, ज्यांना मोठ्या कॉलेजांत जागा मिळत असूनहि जे साध्या कॉलेजांत गेले, त्यांची पुढची मिळकत सामान्यतः कमी ठरली नाहीं. अपवाद फक्त गरीब घरच्या मुलांचा. त्यांना मोठ्या संस्थेचा खरोखरच फायदा झाला. म्हणजे ज्यांना त्या दाराची गरज सर्वांत अधिक, त्यांच्यासाठींच तें सर्वांत अरुंद, अशी ही स्थिति आहे.

म्हणून हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा राहात नाहीं. कोलंबियापासून थोड्याच अंतरावर न्यूयॉर्क शहरानें १८४७ सालीं स्थापन केलेलें सिटी कॉलेज होतें. गुण तेथेंहि चांगले लागत, परंतु १९७६ पर्यंत फी लागत नसे, आणि आडनांवावरून तेथें कोणाची पारख होत नसे. जोनास साक तेथूनच १९३४ सालीं पदवीधर झाले. १९५५ सालीं त्यांची पोलिओची लस जगापुढें आली. एका दाराचा तराजू कसाहि असो, शेजारीं दुसरें चांगलें दार उघडें असेल तर नकारानें आयुष्याचा निकाल लागत नाहीं. असें दार उघडें ठेवण्याचें काम त्या शहराच्या साध्या करदात्यांनीं शंभराहून अधिक वर्षें केलें.