सोळा लाखांची वळणं

माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो आणि सुटीच्या दिवशी डबे शोधत हिंडतो. डबे म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. कुणीतरी आडजागी एक डबा ठेवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीच्यांनी उपग्रहाच्या मदतीनं तो हुडकायचा. आत एक वही असते. तिच्यात नाव लिहायचं, डबा होता तिथंच ठेवायचा आणि घरी यायचं. खजिना वगैरे काही नाही. मे २००० मध्ये अमेरिकेच्या सरकारनं जीपीएसच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि एक-दोन दिवसांतच ओरेगॉनमधल्या एका माणसानं रानात पहिली बादली ठेवून दिली. तेव्हापासून जगभर हा उद्योग चालू आहे.

भाच्यानं ठरवलं, माथेरानच्या छोट्या गाडीवर आपणच एक असा खेळ रचायचा. नेरळपासून वरपर्यंत ठिकाणं नेमायची, प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न आणि शेवटी डबा. "मामू, तुम्ही चला. इतिहास तुम्ही बघा, उपग्रह मी बघतो."

रुळांवरून चालणं नियमात बसत नाही आणि शहाणपणातही. पण नेरळहून दस्तुरीला जाणारा घाटरस्ता या रुळांना वाटेत पुन्हा पुन्हा भेटतो. त्या भेटीच्या जागा आम्ही धरल्या.

सकाळी नेरळला उतरलो. चहा घेताना भाच्यानं प्रश्नांचा कागद दाखवला. पहिलाच प्रश्न : ही रेल्वे कोणी बांधली? पुढे त्यानं उत्तरही लिहून ठेवलं होतं : ब्रिटिशांनी.

मी हसलो नाही, कारण ही चूक मी स्वतः छापून ठेवलेली आहे. माझ्या पहिल्या संग्रहात या गाडीवर एक कविता आहे. तिच्यात मी 'साहेबानं सोडलेली गाडी' असं काहीसं म्हणून गेलो. कुणी हरकत घेतली नाही. आगगाडी साहेबाची, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की विचारणार कोण?

वास्तविक मला ते लहानपणीच सांगितलं गेलं होतं. अब्बा कल्याणला शिलाईकाम करत. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांनी आम्हाला या गाडीनं वर नेलं. वाफेचं इंजिन होतं. कोळशाचा कण डोळ्यात गेला म्हणून मी अर्धा रस्ता रडत होतो. तेव्हा अब्बा म्हणाले, "रडतोस काय, ही आदमजी सेठची गाडी आहे." मला वाटलं, आदमजी सेठ म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. पुढे शाळेत रेल्वे इंग्रजांनी आणली असा धडा झाला आणि अब्बांचं बोलणं मी शिंप्याच्या दुकानातल्या गप्पांत जमा केलं.

आदमजी सेठ म्हणजे सर आदमजी पीरभॉय, मुंबईतले दाऊदी बोहरा व्यापारी. सैन्याला तंबू पुरवून मोठे झाले, धारावीकडे त्यांचा चामड्याचा कारखाना होता, मुंबईचे शेरीफही झाले. माथेरानची रेल्वे त्यांच्या पैशानं झाली आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ती उभी केली. खर्च आला सोळा लाख रुपये, त्या काळचे. आदमजी १९१३ मध्ये वारले. रेल्वे पुढे सरकारी झाली आणि मध्य रेल्वेकडे आली.

एक गोष्ट नेहमी सांगतात. सेठ एकदा माथेरानला निघाले आणि नेरळला त्यांना ना घोडा मिळाला ना पालखी. तसेच मुंबईला परतले आणि म्हणाले, आता वर जाईन तर माझ्याच गाडीनं. गोष्ट गोड आहे, पण माझा तिच्यावर विश्वास नाही. रागाच्या भरात व्यापारी सोळा लाख घालत नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये डोंगर चढून गेले, तेव्हापासून माथेरान साहेबांच्या आणि मुंबईच्या श्रीमंतांच्या हवापालटाची जागा झालं होतं. खाली नेरळपर्यंत मोठी रेल्वे आलेली होती. मधल्या चढणीत धंदा आहे, हे ज्याला दिसलं त्यानं पैसे लावले. त्यात हौस नव्हती असं मात्र नाही. निव्वळ नफा बघणाऱ्यानं दुसरा डोंगर निवडला असता.

जुम्मापट्टीला रस्ता रुळांपाशी येतो. तिथं भाच्यानं कागदावर रेघ मारून मला विचारलं, "रस्ता एवढा आखूड, मग गाडी वीस-एकवीस किलोमीटर का फिरते?" मला वाटतं, सगळ्या खेळातला हाच खरा प्रश्न होता. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर आहे आणि माथेरान आठशेवर. मोटार एखादा खडा चढ दम धरून चढते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं. निलगिरीच्या गाडीला चढावर दातेरी पट्टी आहे, तिथं चाक दातात अडकून वर जातं. इथं तसं काही नाही, नुसती घासण. म्हणून चढ वीस फुटांना एक फूट याच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि उरलेली उंची लांबी वाढवून मिळवायची. मग डोंगराच्या प्रत्येक सोंडेला वळसा घाला, घोड्याच्या नालासारखे बांध घाला. रूळ दोनच फूट रुंदीचे, म्हणून अगदी आवळलेल्या वळणातही गाडी मावते. इंजिनं बर्लिनच्या ओरेन्स्टाइन आणि कॉपेल कारखान्याची. त्यांना चाकांच्या तीन जोड्या आणि कडेच्या दोन आसांना वळणात थोडं सरकायची मुभा. या कामात एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सल्ला होता. बार्शी लाइट रेल्वे काढणारे तेच. त्यांतलं एक इंजिन आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

उतरताना डब्याडब्यावर ब्रेक लावणारी माणसं असतात, इंजिनाच्या शिट्टीवर ती हातानं ब्रेक आवळतात. लहानपणी मला गाडीपेक्षा त्यांचाच हेवा वाटे.

वॉटर पाइपला पोचेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले. याच मार्गावर 'वन किस टनेल' आहे. मार्गावरचा एकुलता एक बोगदा, नाव का पडलं ते सांगायला नको. भाच्याला तिथं प्रश्न ठेवायचा होता. मी म्हटलं, तो गाडीतूनच बघावा आणि शक्यतो मामाबरोबर बघू नये.

तिथल्या बांधाच्या दगडांवर आम्ही बराच वेळ बसलो. सोळा लाखांचा हिशेब राहिला, सेठचं नाव राहिलं. पण सुरुंग लावणाऱ्यांची आणि पाट्या वाहणाऱ्यांची नावं कुणी वहीत लिहीत नाही. त्यांचं काम मात्र दर पावसाळ्यात नव्यानं कुणाला तरी करावं लागतं. २६ जुलै २००५ च्या पावसानं हा मार्ग उखडला, तो २००७ मध्ये, शंभरी भरली तेव्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरले आणि गाडी पुन्हा थांबली. २०१९ मध्ये पुन्हा दरडी, पुन्हा वाहून गेलेले रूळ. नेरळहून थेट गाडी सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या तिन्ही डोंगरी रेल्वे १९९९ ते २००८ या काळात युनेस्कोच्या वारसा यादीत गेल्या. माथेरानचं नाव अजून संभाव्य यादीतच आहे.

दस्तुरीला मोटारी थांबल्या, लाल माती सुरू झाली. गर्द झाडीत मोबाइलवरचा ठिपका वीस-वीस मीटर उड्या मारू लागला. शेवटी भाच्यानं उपग्रह खिशात घातला आणि डोळ्यांनी जागा शोधली. एका जांभळीच्या मुळाशी स्टीलचा डबा ठेवला. खेळाच्या नियमाप्रमाणे उकरायचं नाही, म्हणून वर नुसता पालापाचोळा टाकायचा. त्याआधी वही काढली. पहिली सही माझी झाली. मग त्यानं प्रश्नांचा कागद काढला, पहिलं उत्तर खोडलं आणि पेन्सिल धरून थांबला.

"मामू, पीरभॉयमधला 'भ' कुठला? बटाट्यातला ब की भाकरीतला भ?"

"भाकरीतला," मी म्हटलं.

अमन लॉजकडून शिट्टी ऐकू आली. शटलची वेळ झाली होती. आम्ही तिकिटाच्या रांगेकडे पळालो, म्हणजे तो पळाला.