अंतःपुरातला कॅमेरा

नागपूरच्या प्रताप नगरसारख्या वस्तीतील एखादी वधू लग्नापूर्वी, किंवा एखादी गृहिणी चाळिशीनिमित्त, ‘बूद्वार’ छायाचित्रे काढून घेण्याचे ठरवते, तेव्हा तिला आधी काही सूचना मिळतात. घट्ट कपडे काही तास आधीच बदलावेत, म्हणजे अंगावर वळ उमटणार नाहीत. नवे प्रसाधन त्याच दिवशी प्रथम वापरू नये. विश्वासातली मैत्रीण सोबत आणावी. शब्द फ्रेंच आहे. ‘बुदे’ म्हणजे रुसणे, आणि बूद्वार म्हणजे स्त्रीची रुसून बसण्याची खोली. आपल्याकडे त्याला कैकेयीचे कोपभवन आहेच. फरक इतकाच, की तेथे दशरथाला प्रवेश होता.

या खोलीत कॅमेरा शिरला तो अशा सूचनांशिवायच. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. त्याच शहरात विल्यम जॉन्सनने मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली काढले. त्यांतील अनेक माणसे टिपली एकीकडे आणि चिकटवली भलत्याच पार्श्वभूमीवर. चित्राखाली जातीचे नाव असे, बाईचे नसे. सरकारी आश्रयाने निघालेल्या ‘पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांचा (१८६८–७५) साचाही तोच. आपण कोणत्या पुस्तकात आणि कोणासमोर जाणार आहोत, हे त्या स्त्रियांपर्यंत कितपत पोहोचले असेल, याची कल्पना करता येते.

प्रतिष्ठित घरांतील पडदानशीन स्त्रियांचा प्रश्न उलटा होता. त्यांना छायाचित्र हवे होते, पण परपुरुषासमोर बसणे अशक्य. यावर नेमका तोडगा निघाला हैदराबादेत. इंदूरला होळकरांच्या आश्रयाने पुढे आलेले लाला दीनदयाळ तोवर निजामाचे छायाचित्रकार झाले होते (आजचा मराठवाडा तेव्हा याच राज्यात). १८९२ साली त्यांनी खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. त्याभोवती उंच भिंती होत्या आणि कारभार श्रीमती केनी-लेविक या इंग्रज बाईंच्या हाती होता. पूर्वतयारीचा पहिला धडा येथे स्थापत्यात उतरला: आधी भिंत, मग भिंग.

बाकीची तयारी रसायनशास्त्र ठरवीत असे. कोलोडियनच्या ओल्या काचेच्या काळात काही सेकंद निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू असे. शिवाय त्या काचेला निळा रंग दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. परिणामी आकाशी वस्त्र पांढुरके, लाल शालू काळा आणि कपाळीचे कुंकू म्हणजे काळा ठिपका! गव्हाळ वर्णही होता त्याहून सावळा उमटे. जुन्या चित्रांतील पणज्या अशा करड्या आणि सावळ्या का दिसतात, याचे अर्धे उत्तर त्या काचेत आहे. कोणते वस्त्र नेसून यावे हे सांगणे म्हणूनच नखऱ्याचे नव्हते, ते कारागिरीचे काम होते.

मात्र भिंतीने एकच प्रश्न सोडवला: चित्र कोण टिपणार. ते पुढे कोण पाहणार, हा प्रश्न तसाच राहिला आणि शंभर वर्षांनी तो मुंबईच्या न्यायालयात उभा राहिला. नागपुरात जन्मलेल्या मधु सप्रे आणि मिलिंद सोमण यांचे, अंगाभोवती अजगर आणि पायात टफ कंपनीचे बूट एवढ्यावरच टिपलेले छायाचित्र १९९५ साली जाहिरातीत आले. छायाचित्रकार होते प्रबुद्ध दासगुप्ता. अश्लीलतेचा खटला झाला, अजगरापायी वन्यजीव कायदाही लागला, आणि सुटका व्हायला २००९ उजाडले. दोघे प्रौढ होते आणि स्वेच्छेने उभे होते, पण भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ ला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. चित्र पाहणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होईल एवढेच ते विचारत होते. चित्रात असणारीची संमती हा त्याचा विषयच नव्हता.

तो विषय कायद्यात आला २०१३ साली. दिल्लीतील निर्भया प्रकरणानंतर फौजदारी कायद्यात सुधारणा झाली आणि कलम ३५४-ग दाखल झाले. त्याचा रोख चोरून पाहण्यावर आणि चोरून टिपण्यावर होता. त्याच्या स्पष्टीकरणातील एक तरतूद छायाचित्रण करून घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीने ठाऊक करून घ्यावी अशी आहे: स्त्रीने चित्र टिपण्यास संमती दिली, पण ते त्रयस्थांकडे पाठवण्यास दिली नाही, तर ते पसरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीस एक ते तीन वर्षे कारावास. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे.

त्यामुळे सूचनांच्या यादीत सैल कपड्यांच्याही आधी एक कागद येतो: मूळ फाइली कोणाकडे राहणार, किती दिवस राहणार, आणि स्टुडिओला नमुना म्हणून एखादे चित्र दाखवण्याची मुभा आहे की नाही.