जॉन्सन यांची छायाचित्रे आणि मोहोरबंद संभाषणे

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीची (१९६३–१९६९) छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे टेक्सासमधील ऑस्टिन येथील जॉन्सन ग्रंथालयात आहेत. हे ग्रंथालय २२ मे १९७१ रोजी सुरू झाले. राष्ट्राध्यक्षाचे दप्तर तेव्हा त्याची खासगी मालमत्ता मानले जाई. १९५५च्या कायद्यामुळे राष्ट्रीय अभिलेखागाराला ते देणगी म्हणून घेता येई. पण कोणती गोष्ट कधी खुली करायची, याच्या अटी देणारा घालू शके.

छायाचित्रे मुख्यतः योइची ओकामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपली. जॉन्सन यांनी ओकामोटो यांना बैठकांतही मुक्त वावर दिला होता. त्यामुळे ठरवून उभे राहून काढलेल्या चित्रांऐवजी व्हिएतनाम युद्धाच्या चर्चेतील थकलेले चेहरेही संग्रहात आले. रंगीत निगेटिव्हमधील रंग उष्णतेने उडतात, म्हणून अशा निगेटिव्ह थंड, कोरड्या खोलीत ठेवतात.

ध्वनिमुद्रणे मात्र गुपचूप झाली. दूरध्वनीवरील संभाषणे डिक्टाबेल्ट या प्लॅस्टिकच्या पट्ट्यावर सुईने खाच उमटवून नोंदली जात. पलीकडच्या माणसाला बहुधा त्याचा पत्ता नसे. व्हिएतनाममध्ये किती खोल उतरायचे याविषयी सिनेटर रिचर्ड रसेल यांच्याशी मे १९६४मध्ये झालेली चर्चा त्यांत आहे, तशीच त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापड-व्यावसायिकाला दिलेली विजारींची मागणीही आहे.

जॉन्सन २२ जानेवारी १९७३ रोजी वारले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या सहायक मिल्ड्रेड स्टेगॉल यांनी या पट्ट्यांची मोहोरबंद खोकी ग्रंथालयाच्या हवाली केली. मृत्यूनंतर ५० वर्षे ती उघडू नयेत, अशी जॉन्सन यांची अट होती. पण सपाट पडून राहिलेल्या पट्ट्यांना घड्या पडतात, सुई खाचेतून उडते आणि जुनी यंत्रेही दुर्मीळ होतात. मुदत पाळायची तर आवाजच गमवावा लागण्याची भीती होती. शिवाय आधीचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येसंबंधीच्या नोंदी उघड करण्याचा कायदा १९९२मध्ये झाला आणि तो या मुद्रणांतील अशा संभाषणांनाही लागू होता. ग्रंथालयाचे संचालक हॅरी मिडलटन यांच्या काळात, १९९३पासून, मुद्रणे टप्प्याटप्प्याने खुली होऊ लागली.

दरम्यान मालकीचा प्रश्नही बदलला होता. जॉन्सन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफिती १९७४च्या कायद्याने सरकारने ताब्यात घेतल्या. १९७८च्या कायद्याने २० जानेवारी १९८१नंतरच्या अध्यक्षीय नोंदी राष्ट्राच्या मालकीच्या ठरवल्या. कारभाराशी संबंध नसलेल्या निव्वळ वैयक्तिक नोंदींना त्यातून वगळले आहे.