वटवाघूळ, आळंबी आणि दोन वड

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त, मामांशी फोनवर झालेला वाद. मिरजेजवळच्या त्यांच्या मळ्यातल्या वडावर वटवाघळं लटकतात, आणि यंदा बुंध्याला आळंबी फुटलीय. लाखेचं रोगण दिल्यासारखे तपकिरी पंखे... गॅनोडर्मा असावी. मामांचा निकाल तयार: "दोघंबी झाड संपवणार. त्यापेक्षा आपणच पाडू."

वटवाघळांवरचा आळ जुनाच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळं खाणाऱ्या वटवाघळांना कावळे-उंदरांच्या पंगतीला, उपद्रवींच्या यादीत बसवलं होतं. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत गेली. पण वडाची फळं खाऊन बी लांबवर टाकणारं हेच. भिंतीच्या फटीत, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात वड उगवतो तो असा. मामांचा वड तरी कुणी लावलाय?

आळंबीचं काम उलटं. ती लाकूड आतून पचवते, त्यातलं चिवट लिग्निनसुद्धा. खोड पोकळ होत जातं आणि वरून झाड हिरवंच दिसतं. मुळांत शिरली तर धोका खराच. तेवढं मामांचं बरोबर.

पण सातारा जिल्ह्यात, जावळीतल्या म्हसव्याचा वड बघा. १८८२ मध्ये ली-वॉर्नर साहेबाने मोजला तेव्हा घेर भरला १५८७ फूट. दक्षिणोत्तर ५९५, पूर्व-पश्चिम ४४२. मी गेलो तेव्हा मूळ खोड शोधत हिंडलो, सापडलं नाही. मधलं लाकूड कधीच मातीत गेलं असणार. उभी होती ती पारंब्यांची झालेली खोडं.

हे सांगितलं तर मामा म्हणाले, "आन् आपलं भोसं?" भोसे त्यांच्याच तालुक्यातलं. यल्लमा देवळाजवळचा वड, चारशे वर्षांचा म्हणून सांगत. २०२० मध्ये लोक आडवे आले, रत्नागिरी-नागपूर महामार्गाने त्याला बगल दिली. आणि २०२२ मध्ये तो कोसळलाच. मला पटकन उत्तर सुचलं नाही.

मग विचारलं, तुमच्या वडाला पारंब्या किती?

"हाईत कुठं? दरसाल छाटतो, ट्रॅक्टरला आडव्या येतात."

असो. गोठ्यावरची फांदी तेवढी उतरवायची आणि यंदा फुटतील त्यातल्या दोन पारंब्या पोकळ बांबूतून जमिनीत सोडायच्या, यावर सध्या तह झालाय. बांबू मी नेणार आहे.