ठाणे खाडी पक्षी अभयारण्य

महाराष्ट्रातील एक सागरी अभयारण्य. मुंबई व साष्टी यांना पूर्वेकडील मुख्य भूमीपासून विभागणाऱ्या सु. २६ किमी. लांबीच्या ठाणे खाडीत, ऐरोली व वाशी येथील पुलांच्या दरम्यान ते पश्चिम तीरालगत पसरले आहे. राज्य शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी ते रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी घोषित केले. त्याच्या १,६९०.५ हे. क्षेत्रापैकी ८९६ हे. कांदळवन असून उरलेला भाग पाण्याचा आहे. मालवणनंतरचे (१९८७) हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय.

खाडीकाठी पूर्वी कोळी व आगरी यांची गावे, मिठागरे आणि खाजणजमिनी होत्या. १८५४ मध्ये लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणला पोहोचला. परंतु खाडीचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते १९६० नंतर. ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९७० मध्ये नव्या मुंबईसाठी सिडकोची स्थापना झाली व १९७३ मध्ये वाशीचा पूल खुला झाला. कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी, भराव आणि साचत जाणारा गाळ यांमुळे मासेमारीची मोठी हानी झाली. पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर जगणाऱ्यांच्या या नुकसानीची दखल पक्ष्यांच्या तुलनेने फारच कमी घेतली गेली.

याच काळात, विशेषतः १९९० नंतरच्या दशकात, शिवडीच्या चिखलपट्ट्यांवर रोहित पक्षी मोठ्या संख्येने उतरू लागले. लहान रोहित हा पक्षी आपल्या वाकड्या चोचीने पाणी गाळून त्यातील नीलहरित शैवले व डायाटम खातो. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे शैवलांची वाढ होते, हे लक्षात घेतल्यास खाडीचे प्रदूषण काही अंशी या पक्ष्यांच्या पथ्यावर पडले, असे म्हणावे लागते. मोठा रोहितही येथे आढळतो. साधारणतः नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनांत मुंबई परिसरातील त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आढळली आहे. शिवडीपासून जवळच, भायखळ्याच्या राणीच्या बागेत, २०१६ मध्ये हंबोल्ट पेंग्विन आणण्यात आले. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरील शीत प्रवाहालगत राहणाऱ्या या पक्ष्यांसाठी तेथे थंड हवेचे दालन बांधावे लागले. खाडीवर आपण होऊन येणाऱ्या रोहितांना केवळ चिखल व तिवर अबाधित राहणे पुरेसे आहे.

संरक्षणाचा कायदेशीर पाया न्यायालयाने घातला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि शासकीय जमिनीवरील कांदळवने संरक्षित वने म्हणून घोषित करण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०१८ मधील अंतिम निर्णयात हीच भूमिका कायम राहिली. राज्याच्या वनविभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. २०२२ मध्ये अभयारण्य व त्याभोवतीचे क्षेत्र मिळून ६,५२१ हे. भूभागास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर (२०१९) व लोणार (२०२०) यांच्यानंतरचे हे महाराष्ट्रातील तिसरे रामसर स्थळ.

या संरक्षणाची कसोटी मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेच्या निमित्ताने लागली. हा मार्ग वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून पारसिकच्या डोंगररांगेपलीकडील शीळफाट्यापर्यंत २१ किमी. लांबीच्या बोगद्यातून जातो, त्यातील सु. ७ किमी. भाग खाडीखाली आहे. खाडीवर उन्नत मार्ग उभारल्यास पक्ष्यांच्या अधिवासास व कांदळवनास बाध येईल, म्हणून बोगद्याचा पर्याय स्वीकारण्यात आला. तरीही हानी पूर्णतः टळली नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने अभयारण्यातील सु. ३ हे. वनजमीन प्रकल्पास देण्यास संमती दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने संपूर्ण मार्गासाठी सु. २२ हजार कांदळवृक्ष तोडण्याची परवानगी दिली. मूळ मागणी ५० हजारांहून अधिक वृक्षांची होती. घणसोली ते शीळफाटा हा सु. ४.९ किमी.चा डोंगराखालील टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार खोदून झाला.

भरतीच्या वेळी चिखलपट्ट्या पाण्याखाली गेल्या, की रोहित पक्षी नेरुळ व आसपासच्या पाणथळ जागांवर विसाव्यास जातात. यांतील कित्येक जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. मे २०२४ मध्ये घाटकोपरनजीक उडणाऱ्या थव्यास विमानाची धडक बसून ३५ हून अधिक रोहित मृत्युमुखी पडले.