लोणार परिसर आणि ड्रोनद्वारे गावठाण मोजणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भूमापनाचा इतिहास हा केवळ साधनांचा इतिहास नव्हे. ड्रोनच्या व्यावसायिक व औद्योगिक उपयोगांपैकी जमीन मोजणी या एकाच उपयोगाचा विचार प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार परिसराच्या संदर्भात केला आहे.

सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1823 मध्ये लोणारच्या विवराची नोंद केली. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर काठावरून कोणालाही दिसत होते. तरीही ते दीर्घकाळ ज्वालामुखीजन्य मानले गेले. उल्कापाताचा सबळ पुरावा 1973 मध्ये प्रसिद्ध झाला, तोही तळ्याच्या गाळाखाली केलेल्या वेधनातून. आघाताच्या दाबाने काचरूप झालेले मास्केलिनाइट तेथील खडकांत आढळले. वरून पाहण्याची मर्यादा लोणारने अशी पूर्वीच दाखविली आहे.

वऱ्हाड 1853 मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात आल्यानंतर शेतजमिनींची मोजणी व आकारणी झाली. सारा शेतावर होता, घरावर नव्हता. त्यामुळे बहुतेक लहान गावांची गावठाणे नकाशावर एकसंध तुकडा म्हणूनच राहिली. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घर तारण ठेवू पाहणाऱ्यास हा भेद बँकेतच कळतो!

महाराष्ट्रात ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रायोगिक उपक्रम पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांवरून नकाशा तयार होतो. मात्र उड्डाणापूर्वी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखाव्या लागतात, आणि नंतर भूमी अभिलेख विभागाची चौकशी होऊन मगच सनद व मिळकत पत्रिका मिळते. ड्रोनला भिंत दिसते. ती दोन भावांची सामाईक आहे किंवा कसे, हे दिसत नाही. चुना टाकण्याच्या दिवशी सासरी असलेल्या बहिणीचा हिस्सा तर कोणत्याही छायाचित्रात येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी मोजणी या चुन्याच्या रेषेपाशीच होते, आणि तेथे कोण हजर होते याची नोंद नकाशाइतकीच जपावयास हवी.

ही योजना ग्रामीण गावठाणांपुरती असल्याने लोणार तालुक्यातील खेडी तिच्या कक्षेत येतात. नगरपरिषद असलेले लोणार शहर मात्र तिच्याबाहेर राहते.